नफा ४५ लाख, बँकेत ४ लाख: फ्री कॅश फ्लो कसा काढायचा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या नात्यातल्या एका काकांचा कारखाना आहे. ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगियर बनवणाऱ्या कंपन्यांना लागणारे तांब्याचे आणि ॲल्युमिनियमचे भाग तिथे तयार होतात. काकांच्या कंपनीचे हिशेब मी पाहते. एप्रिलमध्ये वर्षाचा ताळेबंद घेऊन गेले, तेव्हा काकांनी शेव-उसळ मागवून ठेवली होती, कारण नफा चांगला झाल्याचं मी आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं. कागद चाळता चाळता ते थांबले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "अगं, पंचेचाळीस लाख नफा म्हणतेस. मग बँकेत चारच लाख कसे? गेल्या मार्चला एकवीस होते. मधले पैसे गेले कुठे?"

हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. बहुतेक वेळा त्यामागे एक संशयही असतो, की हिशेबात काहीतरी चुकलंय. काकांचा हिशेब पैशापर्यंत बरोबर होता. नफ्याचा कागद ज्या प्रश्नाचं उत्तर देतो तो प्रश्न वेगळा, आणि काकांनी विचारलेला प्रश्न वेगळा. काकांच्या प्रश्नाचं उत्तर ज्या आकड्यात असतं त्याला फ्री कॅश फ्लो म्हणतात. पाठ्यपुस्तकात 'मुक्त रोख प्रवाह' असा शब्द सापडेल. यातला 'फ्री' म्हणजे मोकळा: धंद्याच्या सगळ्या गरजा भागल्यावर जी रोकड मोकळी राहते, जी काढून घेतली तरी धंद्याला ओढ बसत नाही, ती.

पुढचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी बदलून ढोबळ केले आहेत, पण त्यांची चाल अगदी खरी आहे.

वर्षाची विक्री ६०० लाख. तांबं, ॲल्युमिनियम आणि इतर माल ३६० लाख. पगार, वीज, वाहतूक, काकांचा स्वतःचा पगार आणि बाकी खर्च १३८ लाख. उरले १०२. त्यातून घसारा ३० लाख वजा केला, राहिले ७२. बँकेचं व्याज १२ लाख गेलं, राहिले ६०. त्यावर साधारण पाव हिस्सा कर, म्हणजे १५ लाख. निव्वळ नफा ४५ लाख.

आता या कागदात काय लपलंय ते पाहा. माल गाडीत चढला, बिल फाडलं, की वही म्हणते विक्री झाली. समोरच्याने पैसे दिले का, कधी देणार, याच्याशी नफ्याच्या कागदाला कर्तव्य नसतं. उलट बाजूला घसाऱ्याचे ३० लाख या वर्षी कुणाच्या खिशात गेलेले नाहीत. ती पूर्वी घेतलेल्या यंत्रांची किंमत वर्षावर्षांत वाटून टाकण्याची रीत आहे. आणि या वर्षी घेतलेलं नवं यंत्र, ज्याचे पैसे खरोखर गेले, ते नफ्याच्या कागदावर जवळजवळ दिसतच नाही. त्याच्या घसाऱ्याचा एक तुकडा तेवढा दिसतो. असा कागद बनवण्यामागे कारण आहे. वर्षभराच्या कामाचं मोल ठरवायला हीच पद्धत योग्य. पण त्या कागदावरून पगाराच्या दिवशी बँकेत किती असेल ते कळत नाही.

म्हणून आपण उलट्या दिशेने निघायचं. करापूर्वीच्या नफ्यापासून सुरुवात: ६० लाख. घसारा वजा केला होता पण रोकड गेली नव्हती, म्हणून ३० परत मिळवायचे. व्याज हा कामाचा खर्च नसून उसन्या पैशाचं भाडं आहे, म्हणून ते १२ तूर्त बाजूला काढायचे, म्हणजे परत मिळवायचे. झाले १०२. आता खेळतं भांडवल, म्हणजे ग्राहकांकडच्या येण्यात आणि मालात अडकलेला पैसा, वजा पुरवठादारांचं देणं. ग्राहकांकडून येणं वर्षाच्या सुरुवातीला १०० लाख होतं, शेवटी १५०. म्हणजे ५० लाख विक्रीत धरलेत पण हातात आलेले नाहीत. कच्चा-पक्का माल ६० लाखांचा होता, तो ८२ झाला. २२ लाख रुपये तांब्याच्या पट्ट्यांच्या रूपात मांडणीवर पडून आहेत. पुरवठादारांचं देणं ५५ वरून ६७ झालं, म्हणजे १२ लाख आपण अजून द्यायचे आहोत, तेवढी रोकड आपल्याकडे राहिली. बेरीज-वजाबाकी करून खेळत्या भांडवलात ६० लाख अडकले. १०२ मधून ६० गेले, ४२ राहिले. त्यातून कर भरला १५. धंद्याच्या कामातून प्रत्यक्ष आलेली रोकड २७ लाख.

यातून यंत्रांचा खर्च वजा करायचा. काकांनी ३४ लाखांचं नवं सीएनसी (संगणकावर चालणारं यंत्र) घेतलं, आणि ९ लाख जुन्या यंत्राचा स्पिंडल (फिरणारा मुख्य दांडा) व एअर कॉम्प्रेसर बदलण्यात गेले. एकूण ४३.

२७ वजा ४३ म्हणजे उणे १६ लाख. हा झाला काकांचा फ्री कॅश फ्लो. नफा अधिक ४५, मोकळी रोकड उणे १६.

बँकेतल्या आकड्याशी ताळा जुळवून टाकू. यंत्रासाठी बँकेने २५ लाखांचं नवं कर्ज दिलं, जुन्या कर्जाचे १४ लाख फेडले, व्याज १२ दिलं. या तिन्हींची मिळून बेरीज उणे १. उणे १६ आणि उणे १, उणे १७. एकवीसमधून सतरा गेले, चार उरले. काकांनी हा ताळा दोनदा बोटांवर करून पाहिला आणि मग कुठे उसळीकडे वळले.

येण्यातले पन्नास लाख

सूत्र एवढंच आहे: कामातून आलेली रोकड, वजा यंत्र-इमारतींवरचा खर्च. पाठ करायला अर्धं मिनिट पुरतं. खरं काम या दोन आकड्यांच्या आत शिरण्याचं आहे, आणि त्यात सगळ्यात आधी येणं.

आदल्या वर्षी विक्री ५०० लाख होती आणि येणं १००. म्हणजे १०० भागिले ५००, गुणिले ३६५: सरासरी ७३ दिवसांनी पैसे येत होते. या वर्षी १५० भागिले ६००, गुणिले ३६५: ९१ दिवस. विक्री वाढली की येणं वाढणारच, त्यात दोष नाही. ७३ दिवसांचा वेग कायम असता तर ६०० लाखांच्या विक्रीवर येणं १२० लाख झालं असतं. म्हणून वाढलेल्या ५० लाखांपैकी २० लाख ही धंदा वाढल्याची किंमत आहे आणि ३० लाख निव्वळ उशिराची. ते ३० वेळेवर आले असते तर फ्री कॅश फ्लो उणे १६ ऐवजी अधिक १४ झाला असता. तोच कारखाना, तीच माणसं, तोच नफा.

हा उशीर एका मोठ्या ग्राहकाचा आहे. नाव इथे लिहीत नाही. तपासणी विभागातून कागद पुढे गेला नाही, बिल नव्या प्रणालीत चढलं नाही, सही करणारे साहेब दौऱ्यावर आहेत, अशी कारणं वर्षभर ऐकली. त्यात जीएसटीचं गणित आणखी कडू. सोपेपणासाठी वर मी ते धरलेलं नाही, पण दहा लाखांच्या बिलावर १८ टक्क्यांनी १ लाख ८० हजार कर लागतो, आणि खरेदीवरचा कर वजा जाऊन उरलेला भरणा दरमहा विवरण भरणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत करावा लागतो. ग्राहकाने एक रुपयाही दिलेला नसला तरी. जो पैसा हातात आला नाही त्यावरचा कर छोटा कारखानदार आपल्या सीसी, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाच्या, खात्यातून, व्याज मोजून भरतो.

कायदा छोट्यांच्या बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल फार तर ४५ दिवसांत चुकतं करायचं आहे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होतं. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून प्राप्तिकरातही तरतूद आली, की मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च ज्या वर्षी खरोखर दिला जाईल त्याच वर्षी खरेदीदाराला वजा मिळेल. तरीही मी ७३ दिवसांना 'वेळेवर' म्हणते आहे, हे मला स्वतःलाच टोचतं. काका व्याजाची मागणी करत नाहीत, कारण पुढची ऑर्डर शेजारच्या शेडमध्ये जाईल अशी त्यांना भीती आहे, आणि ती भीती खोटी आहे असं मी त्यांना सांगू शकत नाही.

यंत्रांचे त्रेचाळीस लाख

दुसरा आकडा वरवर साधा दिसतो, पण मला तोच जास्त अवघड वाटतो. यंत्रांवरचा सगळा खर्च एका जातीचा नसतो. काही खर्च आहे तो धंदा टिकवण्यासाठी, काही वाढवण्यासाठी. ३४ लाखांचं सीएनसी नवी ऑर्डर घेता यावी म्हणून आलं. ते घेतलं नसतं तरी जुनं काम चालू राहिलं असतं. ९ लाखांचा खर्च मात्र टळण्यासारखा नव्हता.

हे मला कागदावरून कळलं नाही. त्यासाठी शेडमध्ये जावं लागलं. तिथल्या जुन्या फोरमनने मला त्या यंत्रापाशी नेलं. सकाळी पहिल्या तासात भाग मापात येतात. अकरा वाजता यंत्र तापलं की भोकाचा व्यास सरकायला लागतो, कामगार दर चार-पाच नगांनंतर थांबून मापतो आणि प्रोग्रॅममध्ये आकडा बदलतो. स्पिंडलची बेअरिंग गेली होती. कॉम्प्रेसरचं असं, की जेवणाच्या सुट्टीत सगळी यंत्रं बंद असतानाही तो सुरू व्हायचा, म्हणजे हवा गळत होती आणि विजेचं बिल वाढत होतं. "हे दोन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं," फोरमन म्हणाले.

ते वाक्य ऐकून मी आधीच्या दोन वर्षांचे हिशेब पुन्हा उघडले. त्या वर्षांत यंत्रांवर जवळजवळ काहीच खर्च नव्हता आणि फ्री कॅश फ्लो छान दिसत होता. आता कळलं, की त्यातला काही भाग मोकळा नव्हताच. तो स्पिंडलचा पैसा होता, फक्त अजून दिला नव्हता. दुरुस्ती पुढे ढकलून कुठलीही कंपनी वर्ष-दोन वर्षं हा आकडा सुंदर करू शकते.

अमेरिकेतले गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी भागधारकांना लिहिलेल्या १९८६ सालच्या पत्रात मालकाच्या खऱ्या कमाईचा हिशेब असाच मांडला होता: नफ्यात घसारा आणि तसे रोकड न लागणारे खर्च मिळवायचे, आणि धंद्याची जागा व उत्पादन टिकवायला सरासरी जेवढा यंत्रखर्च लागतो तेवढाच वजा करायचा. हा शेवटचा आकडा अंदाजाचाच असतो हेही त्यांनी तिथेच कबूल केलं आहे. मी काकांसाठी तो वर्षाला १२ लाख धरला. फोरमनशी बसून, प्रत्येक यंत्राचं वय लिहून आलेला आकडा आहे तो. घसाऱ्याच्या ३० लाखांशी तो जुळत नाही, जुळायला हवा असंही नाही.

कुणासाठी मोकळी?

पुस्तकं वाचायला गेलात तर दोन प्रकार भेटतील आणि गोंधळ होईल, म्हणून थोडक्यात. सावकार आणि मालक दोघांसाठी मिळून किती रोकड मोकळी, हे हवं असेल तर व्याज विसरून ७२ लाखांवरच पाव हिस्सा कर धरायचा. उरतात ५४. त्यात घसारा ३०, वजा खेळतं भांडवल ६०, वजा यंत्रं ४३: उणे १९. आपल्या उणे १६ पेक्षा ३ लाखांनी वेगळा, कारण १२ लाख व्याजामुळे करात जी ३ लाखांची बचत झाली ती इथे धरत नाहीत. पूर्ण कंपनीची किंमत काढणारे हा आकडा वापरतात. आणि फक्त मालकासाठी किती, हे हवं असेल तर उणे १६ मधून व्याज १२ वजा करून कर्जातली निव्वळ वाढ ११ मिळवायची: उणे १७. बँकेतली घट तेवढीच होती, कारण काकांनी लाभांश घेतला नाही.

उणे आकडा पाहून घाबरायचं कारण नाही. वाढत्या कारखान्यात यंत्र घेण्याच्या वर्षी तो उणे असू शकतो. विचारायचं ते हे, की उणे कशामुळे? काकांच्या बाबतीत यंत्राचे ३४ लाख मला पटतात. उशिराचे ३० लाख पटत नाहीत.

शेअर बाजारातल्या कंपनीचा आकडा काढताना

इथे काम उलट सोपं, कारण मेहनत त्यांनी करून ठेवलेली असते. वार्षिक अहवालात रोख प्रवाह पत्रक असतं, तीन भागांत: कामकाज, गुंतवणूक आणि वित्तपुरवठा. कामकाजाच्या भागातली शेवटची ओळ घ्यायची. गुंतवणुकीच्या भागातून स्थावर मालमत्ता, यंत्रसामग्री आणि सॉफ्टवेअरसारख्या अमूर्त मालमत्तेच्या खरेदीची ओळ घ्यायची. पहिलीतून दुसरी वजा. म्युच्युअल फंडात ठेवलेले किंवा मुदत ठेवीत घातलेले पैसे याच भागात दिसतात, ते यात मिसळायचे नाहीत. छोट्या खासगी कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याने या पत्रकातून सूट दिली आहे, म्हणूनच काकांनी ते कधी पाहिलं नव्हतं. ज्यांना त्याची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्याच हातात ते पडत नाही. ही सूट मला कधीच पटली नाही.

एक वर्ष पाहून निकाल देऊ नका, पाच-सात वर्षांची बेरीज करा. त्या वर्षांच्या नफ्याची बेरीज शेजारी मांडा. नफा वर्षानुवर्षं वाढतोय आणि कामातून येणारी रोकड तिथेच घुटमळतेय, तर येणं आणि माल यांची पानं उघडायची वेळ झाली.

दुकानांच्या साखळ्या पाहताना भाड्याकडे लक्ष हवं. १ एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६ हे हिशेबाचं भारतीय मानक लागू झालं आणि लांब मुदतीच्या भाड्याचा मोठा भाग कामकाजाच्या भागातून उठून वित्तपुरवठ्याच्या भागात गेला. भाडं पूर्वीइतकंच जातं, पण कामकाजाची रोकड एकदम जास्त दिसते. अशा कंपनीत भाडेकराराचं देणं फेडल्याची ओळ शोधून ती हाताने वजा करायची. तसंच, बिलं वित्तसंस्थेला विकून आधीच पैसे उचलले असतील तर तेही कामातून आलेल्या रोकडीसारखे दिसू शकतात. पुढच्या वर्षीची वसुली या वर्षी ओढून घेतलेली असते.

बँकेला मात्र हे माप लावू नका. आमच्या बडोद्यात १९०८ साली सयाजीराव महाराजांच्या पुढाकाराने बँक ऑफ बडोदा सुरू झाली, त्यामुळे इथे घरोघरी तिचे शेअर आणि तिच्याविषयी प्रेम. तिचाही फ्री कॅश फ्लो काढून दे, असं मला हक्काने सांगतात. पण बँकेचा कच्चा मालच पैसा आहे. ठेवी आल्या की रोकड वाढते, कर्ज दिलं की घटते, आणि कर्ज देणं हाच तर तिचा धंदा. तिथे हा आकडा काही सांगत नाही.

आणि रोकड म्हणून दाखवलेली रोकडही तपासावी लागते. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी स्वतः पत्र लिहून कबूल केलं, की ताळेबंदातल्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. म्हणून मी पाहते, की मोकळी झालेली रोकड बाहेर कुठे दिसते का. लाभांश वाटला, कर्ज फेडलं, शेअर परत विकत घेतले, तर त्या पैशाचा माग लागतो. वर्षानुवर्षं भरपूर रोकड साठतेय आणि तरी कंपनी व्याजाने पैसे उचलतेय, तर का, हे विचारायलाच हवं.

काकांचं दुसरं यंत्र

उसळ संपली तेव्हा काकांनी खणातून एक कोटेशन काढलं. तसंच आणखी एक सीएनसी, ३४ लाख. या वेळी कर्ज नको, धंद्यातूनच घेऊ, असा त्यांचा विचार. आम्ही कोऱ्या कागदावर पुढचं वर्ष मांडलं. विक्री १० टक्के वाढून ६६० लाख. घसारा आणि व्याजाच्या आधीचा नफा ११२. कर १७. मालसाठ्यात ८ अडकणार, पुरवठादारांच्या देण्यातून ६ सुटणार. टिकवण्याचा यंत्रखर्च १२. व्याज आणि हप्ते मिळून ३३. एवढं सगळं धरलं आणि फक्त एक आकडा मोकळा ठेवला: पैसे किती दिवसांनी येतात.

९१ दिवसच राहिले, तर येणं १६५ लाख होतं, आणखी १५ अडकतात, आणि वर्षाअखेर मोकळे राहतात ३३ लाख. यंत्राला एक लाख कमीच. पुन्हा ७३ दिवसांवर आले, तर येणं १३२ वर उतरतं, १८ लाख सुटतात, मोकळे ६६. यंत्र घेऊनही ३२ हातात. आणि ११० दिवस झाले, तर येणं १९९, आणखी ४९ अडकतात, मोकळे उणे १. तेव्हा यंत्र पूर्ण कर्जावर.

काका बराच वेळ त्या तीन ओळींकडे पाहत बसले. मग कोटेशनवर पेन्सिलीने ८० लिहिलं आणि त्याभोवती गोल केला. सप्टेंबरअखेर सरासरी ८० दिवसांच्या आत आली तर दसऱ्याला ऑर्डर द्यायची, नाहीतर थांबायचं. यंत्रवाल्याला त्यांनी तिथूनच फोन लावला. दुसरा फोन मोठ्या ग्राहकाच्या खरेदी विभागात, तीन महिन्यांहून जुन्या बिलांची यादी मागवून घ्यायला, आणि ती यादी दर सोमवारी मला पाठवायची असं ठरलं.